खांद्याची शिवण

६ फेब्रुवारी, गुरुवार

मेलो! चाळीस मिनिटं फळ्यासमोर उभा होतो आणि त्यातली तीस नुसता घाम पुसत होतो.

सगळी करणी मुकादमाची. मी काम करतो त्या लॉण्ड्रीपासून दोन रस्ते सोडून शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाईंना कुणीतरी हवं होतं — वरच्या वर्गातल्या मुलामुलींना कपड्यांचं शिकवायला. कसे धुवायचे, कसे राखायचे, काय घातलं की माणूस नीट दिसतो. दहा गुरुवार. मुकादमानं परस्पर माझं नाव ठोकलं. "तुझा बाप शिंपी ना? मग तूच जा." सातवीत शाळा सोडून पळालेला मी — मलाच शाळेत धाडतो हा माणूस!

बावीस कार्टी. पंधरा-सोळा वर्षांची. मी लेबलावरच्या खुणा फळ्यावर काढल्या. पाण्याचं घमेलं, त्रिकोण, चौकोनात गोल. एकानं हात वर केला. "सर, हे घमेलं की होडी?" वर्ग फुटला. खरंच होडी दिसत होती. आता त्या पोराचं नावच होडी.

मागच्या बाकावर एक, टोपीचा स्वेटर नाकापर्यंत ओढून. जिवंत आहे की नाही तेही कळेना. आणि पुढच्या बाकावर एक पोरगी, प्रत्येक वाक्याला उलटतपासणी. वकीलीण! मी म्हणालो, शर्ट अंगाला बसतो की नाही ते खांद्यावर कळतं. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर हवी. ती म्हणाली, "मग सर, तुमची कोपराकडे का निघालीय?"

तयार शर्ट माझा. दुकानात टांगलेला उचलून आणलेला. तोंडात मारल्यासारखं झालं.

बाबांनीही हेच म्हटलं असतं. बोलत असते तर.

७ फेब्रुवारी

वही शाळेच्या बाईंनी दिली. "झालेल्या तासाचं टिपण ठेवा." तासाचं ठेवीन. पण वही कोरी दिसली की बाकीचंही बाहेर येतं. जेवणाच्या सुट्टीत गाठोड्यांमागं बसून लिहितोय.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे रोज डोक्यात घोळणार नाही.

गेल्या एप्रिलात घर सोडलं. दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना मी म्हणालो, "तुमच्या ह्या सुईवर माझा जन्म नाही जायचा. लोकांच्या मापात जगायचं नाही मला." बाबांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. म्हणाले, "जा. पण आजपासून मी तुझ्याशी बोललो तर बघ!"

बोलले नाहीतच. पण आधी आधी फोनमागून आवाज तरी यायचा. धाकटी बहीण बोलत असायची आणि मागून — "त्याला म्हणावं, उन्हात डोकं झाकून जा." "विचार त्याला, जेवतो का." माझ्याशी नाही, पण माझ्याच कानासाठी. मी त्या आवाजासाठीच फोन करायचो, खरं सांगायचं तर.

जूनमध्ये मी फोटो पाठवला. नवा तयार शर्ट, केस कापलेले, छाती पुढं. त्या दिवसापासून तो मागचा आवाजही बंद. आठ महिने झाले. शिंप्याच्या पोरानं तयार शर्ट घालून बापाला फोटो पाठवावा! काय दाखवायचं होतं मला? थोबाडीतच दिली की मी त्यांच्या.

दुकानात ते मला तोंडानं हाक मारायचे नाहीत. तोंडात टाचण्या असायच्या. बोटावरचं लोखंडी टोपण, अंगुस्तान, मशीनच्या फळीवर आपटायचे — टक्, टक्. म्हणजे, इकडे ये. मी कुठंही असलो तरी ऐकू यायचं. गल्लीच्या टोकाला असलो तरी.

१३ फेब्रुवारी

दुसरा तास. आज विषय — काखेतले पिवळे डाग. एक पोरगा आहे, वर्गात शिरतो तो वासासकट. आंघोळीऐवजी अत्तर! नावच अत्तर ठेवलं मी त्याचं. मी म्हणालो, घाम आणि अत्तर कापडात मुरलं, त्यावर गरम इस्त्री फिरली, की पिवळेपणा पक्का झालाच म्हणून समजा. आधी शर्ट उलटा करून काखा धुवायच्या, मग बाकीचा शर्ट. पोरगा लालेलाल. होडी ओरडला, "सर, त्याला पण उलटा करून धुवायचा का?"

हसलो मी. किती दिवसांनी हसलो.

१६ फेब्रुवारी

घरी फोन. "बाबा कुठायत?" "झोपलेत." दुपारी चार वाजता! माझे बाबा दुपारचे कधी आडवे झालेले मी पाहिले नाहीत. म्हणालो, "खोटं नको बोलूस. येत नाहीत म्हण." धाकटी म्हणाली, "दादा, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस." आईनं फोन घेतला. "जेवतोस ना रे नीट?" बस. तेवढंच.

२० फेब्रुवारी

आज फजिती होता होता राहिली. तास सुटायच्या वेळी एक पोरगी उठेचना. पाठीमागं कुजबूज. मला कळलं. रोज हॉटेलांच्या चादरी धुतो मी, मला डाग नवीन नाहीत.

तिच्याकडे न बघता फळ्याकडे वळलो. मोठ्यानं म्हणालो, "एक राहिलं. लिहून घ्या. रक्ताचा डाग — गार पाणी. गरम पाण्यात घातलं की कायमचा बसला. गार पाणी, साधा साबण, हलक्या हातानं. प्रत्येकाच्या घरात लागतं, त्यात दात काढण्यासारखं काही नाही. मुलांनी आधी बाहेर जायचं, आज पाणी आणायचं काम तुमचं." पोरं गेली. वकीलिणीनं आपला स्वेटर काढून त्या पोरीच्या कमरेला बांधला. जाता जाता मला म्हणाली, "आज बरं शिकवलंत."

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कुणाला सांगू? लॉण्ड्रीतल्या प्रेसवाल्या मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "अरे मेल्या, तुझ्यात माणूस आहे की!"

२१ फेब्रुवारी

पुढच्या तासाला बटणं. बटण लावता येतं मला, पण सहा महिन्यांत निघतं. बाबांचं बटण कापड फाटलं तरी निघत नाही. धीर करून धाकटीला निरोप लिहिला — बाबांना विचार, बटण टिकतं कसं? माझं नाव नको घेऊस. शाळेतल्या मुलांसाठी म्हण.

२४ फेब्रुवारी

उत्तर आलं!!

"बाबा म्हणतात — बटणाखाली काडी ठेवून शीव. मग काडी काढ, सैल राहिलेल्या दोऱ्याला खालून तीन वेढे दे. बटणाला मान पाहिजे. मान नसली की ते गुदमरतं. आणि गाठ खसखशीएवढी. दोऱ्याचे दोन वेढे बोटावर, अंगठ्यानं लाटायचे, नखाखालून ओढायचं."

बाबा म्हणतात! दहा वेळा वाचलं. "गुदमरतं" हा त्यांचाच शब्द. म्हणजे बोलले. माझ्यासाठी नाही, मुलांसाठी. चालेल!

२७ फेब्रुवारी

बटणांचा तास. बावीस पोरं, बावीस काड्या. खसखशीएवढी गाठ सगळ्यांना जमली, अत्तरला सोडून. त्याची वाटाण्याएवढी. टोपीवाल्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "सर, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी." म्हटलं आणि खोकल्यासारखं केलं.

६ मार्च

आज तुरपाई. पॅन्टचा, स्कर्टचा घेर खालून दुमडून हातानं शिवायचा. बाबांचा नियम मला पाठ आहे — टाके सगळे एकसारखे, एकाच दिशेला झुकलेले. वाऱ्यानं गवत झुकतं तसे.

वकीलिणीचे उलटे झुकलेले! बघतो तर सुई डाव्या हातात. मी म्हणालो, "उजव्या हातात घे." "मी डावखुरी आहे." "शिवणकामात डावं नसतं. उसव." उसवलं. पुन्हा डाव्यानंच. पुन्हा उलटे. "उसव." दुसऱ्यांदा उसवलं. नाकाचा शेंडा लाल झाला होता तिच्या. वाद घातला नाही. ते जास्त लागलं.

८ मार्च

मुकादमाच्या ओळखीचा एक माणूस आलाय. जहाजावर माणसं भरतो. मोठ्या जहाजावरची लॉण्ड्री, दोन वर्षांचा करार, जमिनीला पाय नाही. फोन लागला तर लागला. "तुझ्यासारख्या भिरभिऱ्याला बरंय," मुकादम म्हणाला. बारा एप्रिलला सही. तोवर सांग म्हणाला.

तीन गावं बदलली मी ह्या अकरा महिन्यांत. कुठंच पाय ठरत नाही. कुठंही गेलो तरी कान त्या टक्-टक्कडे लागतात. पाण्यावर तरी लागणार नाहीत.

१३ मार्च

तिसऱ्यांदा उसवायला लावलं मी तिला. चूक माझी आहे हे लावतानाच कळत होतं, तरी लावलं. बाबा कधी वाकडा टाका खपवून घेत नसत — बोटावर फूटपट्टी मारायचे — आणि मी कोण त्यांच्यापेक्षा सैल? ती कापड बाकावर टाकून निघून गेली. दारात वळून म्हणाली, "तुम्हाला कपडे कळतात. माणसं नाही."

होडीनं ते कापड उचलून ठेवलं. 

१४ मार्च

बाईंनी बोलावलं. वाटलं, काढून टाकतायत. बरंच झालं म्हणायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "ती परत येईल. दोन दिवस रागावते, मग येते." मग म्हणाल्या, शेवटी प्रदर्शन आहे. प्रत्येकानं स्वतः नीट केलेला एक कपडा आणायचा. "सर, तुम्हीही आणा एक. तुमच्या वडिलांच्या हातचं काही असेल ना?"

नाहीये! येताना काही घेतलं नाही मी. कपाटातले चारही शर्ट बाबांनी शिवलेले, चारही खुंटीला ठेवून आलो. मुद्दाम. त्यांनी बघावेत म्हणून.

१५ मार्च

धाकटीला लिहिलं. या वेळी नाव लपवलं नाही. "बाबांना सांग, मला एक शर्ट हवाय. त्यांच्या हातचा. दहा एप्रिलच्या आत." चार शब्द अजून लिहिले होते, ते खोडले. माप लिहिलं नाही. माझं माप त्यांना तोंडपाठ आहे. असायचं.

मनाशी ठरवलंय. शर्ट आला तर जहाज नाही. नाही आला, तर बारा तारखेला सही.

२० मार्च

ती आली. बसली. डाव्या हातानं शिवलं. मी तिच्या बाकापाशी गेलोच नाही. भित्रा!

२४ मार्च

उत्तर नाही. नऊ दिवस झाले.

२७ मार्च

टोपीवाल्याची टोपी निघाली! मी आज सांगत होतो, एखादा कपडा आपण घालतो आणि एखाद्या कपड्यामागं आपण लपतो. लपायला हरकत नाही, पण तोसुद्धा धुवावा लागतो. तो उठला, स्वेटर काढून टेबलावर ठेवला. कोपरं विरलेली, बाह्यांची टोकं चावून चावून सुटलेली. "सर, हा धुतला तर राहील का?" मी म्हणालो, "गार पाण्यात, न पिळता, टॉवेलात गुंडाळून सुकवला तर राहील. कोपरांना ठिगळं लावू. आतून नाही, बाहेरून. वेगळ्या रंगाची. दिसू दे." "दिसलं तर हसतील." अत्तर म्हणाला, "हसू दे रे. मी उलटा करून धुतला गेलोय, मेलो का?"

पोरांना मी काय शिकवतोय, पोरंच मला शिकवतायत. आणि माझा जीव मात्र टांगणीला. पोस्टाच्या माणसाला मी आता दारातूनच ओळखतो. तो लांबूनच मान हलवतो.

३ एप्रिल

पार्सल नाही. फोन केला तर धाकटी म्हणते, "करतायत. घाई नको करूस." बाबांना एक शर्ट म्हणजे दुपारचं काम. सकाळी कापला की संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या अंगात. एकोणीस दिवस? टाळाटाळ चाललीय. सरळ नाही म्हणावं ना माणसानं! झाडाला बांधलेल्या बकरीसारखं किती दिवस फिरवणार?

जहाजवाल्याला सांगितलं, येतो म्हणून.

८ एप्रिल

शर्ट आला.

आला नसता तर बरं झालं असतं.

निळं कापड. मऊ. कॉलर सरळ, मशीनची शिलाई ठीक. पण हातकाम! बटणं — तिसरं तिरकं, पाचवं इतकं घट्ट की काजात शिरत नाही. मान नाही त्याला, गुदमरलेलं. आणि घेराची तुरपाई — टाके कुठं नखाएवढे, कुठं बोटाएवढे, सगळे उलटे, दोरा ओढून कापडाला सुरकुत्या. असा शर्ट गिऱ्हाइकाला दिला असता तर बाबांनी स्वतःच कारागिराच्या तोंडावर फेकला असता.

मुद्दाम केलंय. दुसरं काय? सुईला नावं ठेवलीस ना, घे तुला सुई! सोबत चिठ्ठी नाही. एक अक्षर नाही.

मी तो चिंध्यांच्या डब्यात टाकला. मावशीनं काढला. "कापड चांगलंय रे." "तूच ठेव." "तो मला बसायचा तर माझं पोट कुठं ठेवू?" तिनं इस्त्री केली, घडी करून माझ्या पिशवीत कोंबला.  रडू येईल म्हणून गाठोड्यांमागं जाऊन बसलो.

९ एप्रिल

अंगात घालून बघितलाही नाही.

शेवटच्या तासाला काय शिकवायचं ते सापडलं. वाईट शिलाई कशी ओळखावी. नमुना आहेच माझ्याकडे.

१० एप्रिल, गुरुवार

घाईत लिहितोय, अक्षर कसंही येतंय.

शर्ट टेबलावर टाकला. कुणाचा ते सांगितलं नाही. म्हणालो, "हा बघा. ह्यातल्या चुका काढा."

सांगायचीच खोटी! होडी — "सर, तिसरं बटण चकणं आहे!" अत्तर — "टाके बघा, मुंग्यांना चक्कर आलीय!" एकेक जण येतोय, बोट ठेवतोय, हसतोय. मीही हसत होतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

वकीलीण हसली नाही. शर्ट उचलून खिडकीशी नेला. घेर उलटा केला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, मला तुम्ही तीनदा उसवायला लावलंत."

"मग?"

"हा माझ्यासारखाच शिवलाय. टाके माझ्यासारखे झुकलेत. हे डाव्या हाताचं काम आहे."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "माझे वडील उजवे आहेत."

अत्तरनं हात मागं घेतला. होडी पुटपुटला, "वडिलांनी शिवलाय? सर, सांगायचं ना आधी..."

ती थांबली नाही. शर्ट बाकावर पसरला. "इकडे या, सर. ही सुरुवात. गाठ बघा — खसखशीएवढी. तुम्ही शिकवलेली. म्हणजे ह्या माणसाला सगळं येतं. पण पहिले टाके बघा, पहिलीतल्या मुलाचे. आता असं फिरवा. इथं बाजूला आलात, जरा बरे. इथं पाठीवर, अजून बरे. आणि हे शेवटचे —" तिनं बोट ठेवलं. "हे माझ्यापेक्षा चांगले आहेत. वाईट शिवलेला नाहीये हा शर्ट. हा माणूस शिवता शिवता शिकलाय."

खरंच होतं. शेवटचे वीतभर टाके. एकसारखे. वाऱ्यानं गवत झुकतं तसे. फक्त वारा दुसऱ्या बाजूचा.

टोपीवाला म्हणाला, "पण सर, एवढं येत असताना कुणी हात कशाला बदलेल?"

खडू माझ्या हातात होता. तो कधी खाली पडला, आठवत नाही.

तास अर्धा बाकी असताना मी बाहेर आलो. जिन्यात उभा राहून फोन लावला. धाकटी म्हणाली, "दादा? आत्ता तर तुझा तास असतो ना?"

मी विचारलं, "बाबांच्या उजव्या हाताला काय झालंय?"

तिकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

११ एप्रिल

बाबांना जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. पाय आता थोडा उचलतात, हात नाही. शब्द एकही नाही.

दहा महिने मी ज्याला राग समजलो, तिथं आवाजच नव्हता.

"सांगितलं का नाही?" म्हणून मी ओरडलो. आई म्हणाली, "तू सगळं टाकून धावत आला असतास. त्यांनीच हात हलवून नको नको केलं. त्यांना तू असं बघायला नको होतास, बाळा." मी म्हणालो, "मग ते 'बाबा म्हणतात' काय होतं?" धाकटी म्हणाली, "ते डाव्या हातानं करून दाखवायचे, मी बघून लिहायचे. बटण गुदमरतं ते त्यांनी आपला गळा धरून दाखवलं." म्हणाली, "शर्टाची मशीन मी मारली. मी कापड ताणून धरायचे, ते टाका घालायचे. दिवसाला वीतभर. मी म्हटलं, पहिले उसवून परत घालूया, वाकडे आलेत. तर माझ्या हातावर चापट मारली."

उसवू दिले नाहीत.

मी म्हणालो, "फोन त्यांच्या कानाला लाव." लावला. वर्षभर किती भाषणं ठरवून ठेवली होती! म्हणालो, "बाबा, शर्ट आला." पलीकडे घरघर. कायतरी बोलायचा प्रयत्न करत होते, जमत नव्हतं. मी म्हणालो, "राहू द्या, राहू द्या." मग आवाज थांबला. काहीतरी सरकवल्यासारखं झालं. आणि मग —

टक्, टक्.

संध्याकाळी प्रदर्शन. वकीलिणीला म्हणालो, "चुकलो मी. तुझा एकही टाका उसवायचा नाही." ती म्हणाली, "उसवणारच नव्हते." तिचा स्कर्ट मधल्या दोरीवर टांगला, घेर बाहेर काढून, सगळ्यांना दिसेल असा. शेजारी टोपीवाल्याचा स्वेटर, कोपरांना लाल ठिगळं. बाई मला म्हणाल्या, "सर, तुमचा कपडा कुठाय?" होडी ओरडला, "अंगात!"

पहिल्यांदा घातला. पाचवं बटण लागलं नाही, उघडंच ठेवलं. खांद्याची शिवण बरोबर हाडावर. सुतभर इकडं नाही, सुतभर तिकडं नाही.

जहाजवाल्याला निरोप दिला. मुकादमाला म्हणालो, मला सोडा. तो म्हणाला, "परत येशील का?" मी म्हणालो, "बोलावणं आलंय."

१२ एप्रिल

निघालो. गाडीत बसून लिहितोय. एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून धाकटीला विचारलं — टाके डाव्या हाताचे, मशीन तुझी, मग कापला कुणी? असा खांदा तुला कापता येत नाही.

उत्तर आत्ता आलं.

"बाबांनीच. उजव्या हातानं. तुझा तो तयार शर्टातला फोटो आला ना, त्याच दुपारी. बघितला आणि म्हणाले, पोराचा खांदा उतरलाय बघ. लगेच निळं कापड काढलं. कापून झालं, दोरा ओवला, मशीनवर बसले आणि"

पुढं तिनं लिहिलेलं नाही.